थंडीत घेतलेला लॅपटॉप मे महिन्यात का दमतो?

विंडोज १०ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि ग्वाल्हेरात लष्करपासून मुरारपर्यंत कितीतरी घरांत जुन्या लॅपटॉपचं वय एकदम मोजलं गेलं. विंडोज ११ला टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-सोय) लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे २०१७च्या मध्याआधीची बहुतेक यंत्रं बाद. इथे अशा वेळी घरात एक वाक्य ठरलेलं असतं: "मेळ्यापर्यंत थांबू." माधवराव शिंद्यांच्या काळात, १९०५ साली सुरू झालेला व्यापार मेळा अजूनही थंडीत भरतो, सवलती निघतात, आणि तोवर आय-५ की आय-७, ८ जीबी की १६, टचस्क्रीन हवा की नको, यावर जेवणं होतात.

या चर्चेत एक प्रश्न कुणी विचारत नाही. लॅपटॉप आपण बघतो जानेवारीत, मंडपातल्या १६ अंशांत, पाच मिनिटं. वापरतो मात्र मे महिन्यात, वरच्या मजल्यावरच्या ४४ अंशांच्या खोलीत, चार तास. ते यंत्र तेच राहत नाही. अॅपल आपल्या मॅकबुकसाठी वापराचं तापमान १० ते ३५ अंश असं स्पष्ट छापतं. इतर कंपन्यांच्या कागदांतही ३५चा आकडा नेहमी दिसतो. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात तो आकडा सकाळीच मागे पडतो.

प्रोसेसर जेवढी वीज खातो, तेवढीच जवळजवळ सगळी उष्णता म्हणून बाहेर टाकतो. इथे 'आय-७ म्हणजे भारी' हा समज पहिल्यांदा मोडायला हवा. आय-७ १२५५यू हा मूळ १५ वॅटचा प्रोसेसर आहे, त्यात २ मोठे आणि ८ छोटे कोर (प्रत्यक्ष हिशेब करणारे भाग). आय-५ १२४०पी हा २८ वॅटचा, त्यात ४ मोठे आणि ८ छोटे. सगळे कोर कामाला लावणारं लांबलचक काम असेल, तर हा आय-५ त्या आय-७च्या पुढे जातो. नावातल्या आकड्यापेक्षा शेवटचं अक्षर जास्त बोलतं: यू म्हणजे कमी वॅट, पी म्हणजे मधले, एच म्हणजे जास्त. दोघांनाही थोडा वेळ मर्यादेबाहेर धावायची परवानगी असते (१२५५यू तर ५५ वॅटपर्यंत जाऊ शकतो), पण ती उडी बहुधा अर्ध्या मिनिटाची. तेवढा वेळ तांब्याचे आणि अॅल्युमिनियमचे भाग उष्णता पिऊन घेतात. दुकानातला डेमो नेमका त्याच अर्ध्या मिनिटात उरकतो.

पुढे काय होतं ते शीतकरणावर ठरतं, आणि शीतकरणाचा जीव म्हणजे हीट पाइप. लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं की प्रोसेसरवरून पंख्याकडे गेलेली तांब्याची चपटी नळी दिसते. बहुतेकांना ती तांब्याची भरीव पट्टी वाटते. ती पोकळ असते आणि तिच्यात पाणी असतं. साधं, शुद्ध पाणी, तेही अगदी थोडं, नळीची आतली भिंत ओली राहील इतकंच.

भरीव तांबं का चालत नाही याचा हिशेब शाळेतल्या सूत्राने होतो. ६ मिलिमीटर जाडीची, १५ सेंटिमीटर लांबीची भरीव तांब्याची कांडी घ्या आणि तिच्यातून ३० वॅट उष्णता नेऊन बघा. तांब्याची वाहकता मीटरमागे, अंशामागे सुमारे ४०० वॅट. उत्तर येतं की दोन टोकांत जवळपास ४०० अंशांचा फरक पडायला हवा. म्हणजे प्रोसेसर केव्हाच गेला. तेवढ्याच मापाची पाण्याची नळी हेच काम काही थोड्या अंशांच्या फरकात करते.

यातली युक्ती उलट्या कुकरची आहे. कुकरात दाब वाढवतो म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. हीट पाइपमधून हवा काढून टाकून नळी कायमची बंद करतात. आत फक्त पाणी आणि त्याचीच वाफ. दाब इतका कमी की पाणी ६० अंशांनाही उकळतं. त्या वेळी आतला दाब वातावरणाच्या जेमतेम एक पंचमांश असतो. प्रोसेसरकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ होताना ते ग्रॅममागे सुमारे २३६० जूल उष्णता गिळतं, वाफ पंख्याकडच्या थंड टोकाला धावते, तिथे परत पाणी होते आणि गिळलेली उष्णता जशीच्या तशी परत देते. माठातलं पाणी गार होतं ते याच गुप्त उष्णतेमुळे. फरक इतकाच की माठातून गेलेलं पाणी हवेत जातं, इथलं परत येतं. ३० वॅट वाहून न्यायला मिनिटाला फक्त पाऊण ग्रॅम पाणी वाफ व्हावं लागतं.

पाणी परत कसं येतं, तर समईच्या वातीसारखं. नळीच्या आतल्या भिंतीवर तांब्याची बारीक भुकटी भाजून बसवलेली असते किंवा जाळी असते. तिच्या छिद्रांतून केशाकर्षणाने पाणी गरम टोकाकडे ओढलं जातं. पंप नाही, मोटर नाही, झिजणारा भाग नाही. कल्पनेचं पेटंट जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांच्या नावावर १९४४चं. १९६३मध्ये लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा उभी केली आणि 'हीट पाइप' हे नाव दिलं. पुढे ती उपग्रहांत गेली, आणि आता ती रजईवर ठेवलेल्या लॅपटॉपमध्येही असते.

वातीला मर्यादा आहे. वात जेवढं पाणी ओढते त्यापेक्षा जास्त वेगाने वाफ होऊ लागली की गरम टोक कोरडं पडतं आणि तापमान उसळतं. लॅपटॉप पातळ करायच्या नादात नळी जितकी चेपाल तितकी ही मर्यादा खाली येते. 'फक्त १४ मिलिमीटर जाडी' ही जाहिरात वाचताना हे आठवावं. नळी एक आहे की दोन, पंखे किती, हे त्या मॉडेलच्या उघडलेल्या तळाचा फोटो शोधला की दोन मिनिटांत कळतं. तो फोटो माहितीपत्रकाच्या चार पानांपेक्षा मोलाचा.

आता थोडं गणित, पण कामाचं. प्रोसेसर, त्याच्यावरची उष्णता पुढे देणारी पेस्ट, नळी, तिच्या थंड टोकाच्या पातळ पत्र्या, पंखा या सगळ्या साखळीला मिळून एक 'उष्णता-रोध' असतो: एका वॅटमागे प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर जातो तो आकडा. तो मेळ्यातच मोजता येतो. डेमोच्या यंत्रावर सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारं सॉफ्टवेअर) याची दहा मिनिटांची चाचणी लावायची आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वीज दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ठेवायचं. शेवटच्या दोन मिनिटांत प्रोसेसरचं तापमान आणि पॅकेज पॉवर, म्हणजे तो खात असलेली वीज, वाचायची. समजा खोली १६ अंश, प्रोसेसर ७८, पॉवर २८ वॅट. मग ७८ वजा १६ म्हणजे ६२, भागिले २८, उत्तर सुमारे २.२.

मे महिन्याचं भाकीत या एका आकड्यातून निघतं. यंत्र ९५ अंशांना वेग कमी करून स्वतःला आवरतं असं धरू. थंडीत त्याच्या हाताशी ९५ वजा १६, म्हणजे ७९ अंश, २.२ने भागले की ३६ वॅट. मे महिन्यात ९५ वजा ४४, म्हणजे ५१ अंश, २३ वॅट. एक तृतीयांशाहून जास्त शक्ती हवामानाने काढून घेतली.

वेग मात्र तेवढा पडत नाही, आणि हे बहुतेक लेखांत सुटतं. चिपची वीज वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या गुणाकारात वाढते. वारंवारता वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणून वरच्या पट्ट्यात वीज साधारण वेगाच्या घनाप्रमाणे चढते. ३६ वरून २३ वर आलं तर गुणोत्तर ०.६४, त्याचं घनमूळ ०.८६. म्हणजे वेग फक्त १४ टक्के कमी. एवढं कुणाला जाणवणारही नाही. पण लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, धूळ घेऊन येते. पंख्यापुढच्या पत्र्यांत मिलिमीटरभराची फट असते, तिथे वर्षभरात लोकरीच्या पट्टीसारखा थर बसतो. रोध दीडपट होऊन ३.३ झाला की मे महिन्यात उरतात साडेपंधरा वॅट, आणि थंडीच्या मानाने वेग पाऊणपट. शिवाय तापलेल्या चिपमध्ये गळतीचा प्रवाह (काम न करता वाया जाणारी वीज) वाढतो, त्यामुळे खरं चित्र याहून थोडं वाईटच असतं.

बँकेचं काम, टायपिंग, यूट्यूब एवढंच असेल तर हे सगळं सोडून द्या. ती कामं पाच-दहा वॅटांत होतात. व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅड, कोड कंपाइल करणं, गेम, यांना मात्र जाडसर, दोन नळ्यांचा लॅपटॉपच घ्यावा. मॅकबुक एअरला २०२०पासून पंखाच नाही. प्रोसेसर काटकसरी आहे म्हणून छोट्या कामांत ते खपतं, पण उन्हाळ्यातल्या दुपारी तासभर व्हिडिओ रेंडर करणं हे त्याचं काम नव्हे.

बाकीचे मुद्दे झटपट. रॅम १६ जीबी घ्या. बोर्डावर डाखलेली असेल तर नंतर वाढवता येत नाही, आणि २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढलेले असल्याने 'पुढे टाकू' हा बेत महागात पडू शकतो. एका खाचेत ८ जीबी असलेलं यंत्र घेऊन दुसरी खाच भरली तर मेमरीच्या दोन वाहिन्या एकदम सुरू होतात, त्याचा फायदा आतल्या ग्राफिक्सला लगेच दिसतो. स्क्रीन २५० निट्सची (निट्स हे उजेडाचं माप) असेल तर दिवसा खिडकीपाशी काही दिसणार नाही. बॅटरीचे 'तास' वाचू नका, वॅट-अवर वाचा: ५० वॅट-अवर भागिले ८ वॅट म्हणजे सहा तास. लॅपटॉप दिवसभर चार्जरला असतो त्यांनी ८० टक्क्यांची चार्ज-मर्यादा लावावी. पूर्ण भरलेली आणि तापलेली, ही लिथियम बॅटरीची सर्वांत वाईट अवस्था. एनपीयूच्या (एआयच्या कामासाठीच्या वेगळ्या भागाच्या) '४० टॉप्स' या वेगाच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. ज्या चॅटबॉटसाठी लोक ते घेतात तो बहुधा दूरच्या सर्व्हरवर चालतो.

किरणोत्सर्ग थांबवणाऱ्या स्टिकरवर तर एक रुपयाही नको. ऑक्टोबर २०२०मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाने मोबाइलचं रेडिएशन कमी करणारी शेणाची चिप पुढे आणली, तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला होता. वायफायच्या लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जाच नसते. स्टिकर तळाच्या जाळीवर चिकटवला तर तो एक गोष्ट नक्की थांबवतो, ती म्हणजे हवा.

उन्हाळ्यात वापरताना मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवा; कूलिंग पॅडचा बराचसा गुण त्या उंचीचाच असतो. कूलरने खोली ३० अंशांवर आली तर आपल्या उदाहरणातलं यंत्र २३ वरून पुन्हा २९ वॅटांवर येतं. पण थेट झोतात ठेवू नका. झोताबरोबर उडणारे थेंब आत बोअरच्या जड पाण्याचे क्षार सोडतात. पावसाळ्यात दमट हवेमुळे कूलरची मदत संपते, हे वेगळं सांगायला नको.

सफाई वर्षातून एकदा, होळीनंतर, लू सुरू होण्याआधी. बंद करून चार्जर काढा, तळाचे स्क्रू काढा (लांबी वेगवेगळी असते, कागदावर त्याच जागी मांडून ठेवा), आधी बॅटरीचा जोड सुटा करा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवूनच ब्रश किंवा ब्लोअर चालवा; मोकळं पातं भरधाव फिरलं तर बेअरिंगला मार बसतो आणि मोटर उलटी वीज बोर्डात ढकलते. थर पंखा आणि पत्र्या यांच्या मधे असतो, बाहेरून फुंकून तो निघत नाही, आतच घट्ट होतो. पेस्ट बदलायची असेल तर जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी वाटाण्याहून मोठी नको, आणि स्क्रू पट्टीवर छापलेल्या १-२-३-४ या क्रमाने थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी आवळली तर चिपचा कोपरा उडू शकतो.

मग पुन्हा तीच चाचणी, तोच भागाकार. रोध २.२च्या आसपास परतला तर काम झालं. काम लावताच दोन सेकंदांत तापमान ९५ला भिडतं आणि बाहेर येणारी हवा मात्र कोमट लागते, असं असेल तर आधी पेस्टवर संशय घ्या. पेस्ट नीट बसलेली असूनही तेच होत असेल तर बहुधा नळी कुठेतरी चिरली आहे, आत हवा शिरली आहे. अशी नळी दुरुस्त होत नाही, पंख्यासकट तो सगळा भाग नवा मागवावा लागतो.