म्हातारपणी स्नायू झिजतात त्याची तपासणी: इंदूरमध्ये सुरुवात कुठून, कागद कोणते

अर्ज कुठे करायचा, पात्रता काय, हा घोळ आधी मिटवू. वयामुळे स्नायू झिजण्याला डॉक्टर सार्कोपेनिया म्हणतात. त्याच्या तपासणीसाठी वेगळा अर्ज नाही, उत्पन्नाची अट नाही. साठी उलटली आणि चाल मंदावली की विचारायला हरकत नाही. अर्ज आणि पात्रता येते ती पुढे, खर्चाच्या आणि काठी-वॉकरच्या वेळी.

सुरुवात पाच प्रश्नांच्या ‘सार्क-एफ’ प्रश्नावलीने होते. साडेचार किलोचं ओझं उचलून नेणं, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं, खुर्चीतून किंवा पलंगावरून उठणं, दहा पायऱ्या चढणं, यांत किती अडचण येते? अजिबात नाही तर 0, थोडी तर 1, फार किंवा जमतच नाही तर 2. पाचवा प्रश्न पडण्याचा: वर्षभरात एकदाही नाही तर 0, एक ते तीनदा 1, चार किंवा जास्त वेळा 2. एकूण दहापैकी 4 किंवा अधिक झाले की डॉक्टरांकडे जायचं.

रामबागेतल्या आमच्या आत्याची प्रश्नावली मी भरून घेत होतो. “जिन्याचा त्रास?” “छे, मुळीच नाही.” मी शून्य लिहिलं. मग सुनेने स्वयंपाकघरातून सांगितलं, दिवाळीपासून त्या गच्चीवर गेलेल्याच नाहीत, पापडसुद्धा अंगणात वाळवतात. चढणंच सोडलं तर त्रास होणार कुठून? म्हणून “त्रास होतो का” एवढ्यावर थांबू नका, “शेवटचं कधी चढलात” हेही विचारा. आणि बोलता बोलता बघा, उठताना हात खुर्चीच्या दांड्यावर टेकतात का. मात्र उत्तर त्यांचंच असू द्या, मुलाने परस्पर खुणा करू नयेत.

दुसरी प्रश्नावली ‘सार्क्वॉल’. बेल्जियममधल्या लिएज इथे तयार झालेली, 2015 सालची. 22 प्रश्न, साधारण दहा मिनिटं, गुण 0 ते 100. जितके कमी तितकं जगणं अवघड. थकवा, घरकाम, फिरणं, पडण्याची धास्ती असं सगळं त्यात येतं. ती मुळात जीवनमान मोजण्यासाठी आहे, निदानासाठी नाही. सार्क-एफलाही मर्यादा आहे: बरेच रुग्ण तिच्यातून निसटतात. म्हणून पोटरीचा घेरही मोजतात. आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषांत पुरुषांत 34 सेंटीमीटरपेक्षा कमी, स्त्रियांत 33 पेक्षा कमी असेल तर शंका घ्यायची. शिंप्याची टेप पुरते.

दवाखान्यात मुठीची ताकद मोजतात (त्याच निकषांत पुरुष 28 किलोखाली, स्त्रिया 18 खाली म्हणजे कमी) आणि खुर्चीतून पाचदा उठायला लावतात. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पुढची तपासणी. स्नायूंचं प्रमाण डेक्सा (क्ष-किरणांचं) किंवा बायोइम्पीडन्स (अंगातून अगदी सौम्य वीज सोडणाऱ्या) यंत्राने कळतं. ते सगळीकडे नसतं, आधी विचारून जा.

ओपीडीच्या पर्चीसाठी (महाराष्ट्रातले पाहुणे केसपेपर म्हणतात) आधार न्या. 14 अंकी आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख) काढलेला असेल आणि दवाखान्यात क्यूआर कोड लावलेला असेल तर मोबाइलवरूनच नोंदणी होते. समग्र आयडीही (राज्य सरकारचा रहिवासी क्रमांक) पिशवीत टाका. मध्य प्रदेशात तो कोण कधी मागेल नेम नाही. चालू गोळ्यांची पाकिटं आणि भरलेली प्रश्नावली विसरू नका.

सत्तरी गाठलेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, ऑक्टोबर 2024 पासून. उत्पन्न कितीही असो, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. कागद एकच, आधार. वयही त्यावरचंच धरतात. म्हाताऱ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, तेव्हा ओटीपी किंवा चेहऱ्याने ओळख पटवा. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असलेल्यांना दोनपैकी एक निवडावं लागतं, खासगी विमा मात्र चालतो. लक्षात ठेवा, हे कार्ड भरती झाल्यावरचं आहे. ओपीडीतली ही तपासणी त्यात धरू नका.

काठी, वॉकर, चाकाची खुर्ची राष्ट्रीय वयोश्री योजनेतून मोफत मिळते: वय 60 च्या पुढे, आणि बीपीएल कार्ड किंवा महिना 15,000 पर्यंत उत्पन्न. आधार आणि बीपीएल कार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला लागतो, वाटप शिबिरात होतं. शिबिराची तारीख समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात विचारा. कुणी दाद देईना तर ज्येष्ठांची मदतवाहिनी एल्डरलाइन 14567, सकाळी 8 ते रात्री 8.

आत्याचे गुण सुनेच्या साक्षीनंतर 3 वरून 5 झाले. पर्ची सोमवारी काढली.