एसएसएच टनेल की व्हीपीएन? प्रॉक्सीमागे बसल्यावर फरक कळतो

होस्टेलवर किंवा ऑफिसात प्रॉक्सी, म्हणजे सगळ्यांच्या वेब विनंत्या ज्यातून जातात तो मधला सर्व्हर, चुकवायचा विषय निघाला की एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचं साधन) वापरून केलेलं टनेल आणि व्हीपीएन (आभासी खाजगी नेटवर्क) ही नावं एकाच दमात घेतली जातात. दोन्हींत डेटा एन्क्रिप्ट होऊन बाहेरच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून पुढे इंटरनेटवर, इथवर साम्य आहेच. पण टनेलमध्ये काय शिरणार, हे दोघं वेगवेगळं ठरवतात.

एसएसएचचा डायनॅमिक पर्याय वापरला की तुमच्याच मशीनवर, बहुधा 1080 पोर्टवर, सॉक्स प्रॉक्सी (अ‍ॅप्सची कनेक्शनं पुढे पोचवणारा छोटा मध्यस्थ) उभा राहतो. ज्या अ‍ॅपला तो पत्ता द्याल तेवढंच त्यातून जातं, बाकीची अ‍ॅप्स आपल्या जुन्या वाटेने. फायरफॉक्समध्ये सॉक्समधून डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी सेवा) पाठवायची सेटिंग बंद राहिली, तर पान टनेलमधून येतं पण साइटचं नाव ऑफिसच्याच डीएनएस सर्व्हरला विचारलं जातं. मग लपवलं काय? शिवाय ही सोय टीसीपीपुरतीच, म्हणजे हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवणाऱ्या नेहमीच्या जोडण्यांपुरतीच; तशी हमी न देणाऱ्या यूडीपीला ती नाही.

व्हीपीएन मशीनमध्ये आभासी नेटवर्क कार्ड बसवतं आणि राउटिंग बदलतं, त्यामुळे अ‍ॅप्सना काही सांगावं लागत नाही. त्यासाठी बहुधा अ‍ॅडमिन हक्क मात्र लागतात.

खरी गंमत कडक प्रॉक्सीपुढे. स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'कनेक्ट' विनंती (बाहेरच्या सर्व्हरशी थेट टीसीपी जोडणी मागणारी) फक्त 443 या एचटीटीपीएसच्या पोर्टला चालते. वायरगार्ड हे व्हीपीएन निव्वळ यूडीपीवर चालतं, म्हणजे तिथे त्याचा विषयच संपला. ओपनव्हीपीएन हे दुसरं व्हीपीएन टीसीपी मोडमध्ये, प्रॉक्सीचा पत्ता देऊन, 443 वरून निघतं. पण मग टीसीपीच्या पोटात टीसीपी: एक पॅकेट हरवलं की आतला आणि बाहेरचा दोघंही ते पुन्हा पाठवायला धावतात आणि खराब वायफायवर वेग पार झोपतो. एसएसएच टनेलला हा त्रास नाही, कारण ब्राउझरचं कनेक्शन तुमच्याच मशीनवर संपवून ते नुसते बाइट पुढे सरकवतं. अशा जागी मी तरी एसएसएचच निवडेन.

मात्र बाहेरचा एसएसएच सर्व्हरही 443 वर ऐकत हवा आणि सोबत एसएसएचला प्रॉक्सीमधून नेणारं कॉर्कस्क्रूसारखं छोटं टूल हवं. एक अडचण उरतेच. जोडणी होताच एसएसएच स्वतःचं नाव आणि आवृत्ती उघडपणे सांगतं, त्यामुळे आतला मजकूर तपासणारा फायरवॉल त्याला पहिल्याच ओळीत पकडतो. साधा स्क्विड पकडणार नाही, पण त्याच्या लॉगमध्ये एकाच आयपीशी तासन् तास चाललेलं 'कनेक्ट' आणि त्यातून गेलेला डेटा नोंदला जातो. अ‍ॅडमिनला तेवढं पुरतं.