तीन तोट्यांचं एक फाउंटन की दोन ठिकाणी दोन?

घरात तीन-चार मांजरं असली की पाण्याच्या फाउंटनबद्दल एकच सल्ला चहूकडून मिळतो: मोठं घ्या. तीन लिटरचं घ्या, चारी बाजूंनी पाणी पडणारं घ्या, सगळ्यांची सोय होईल. हा सल्ला मला अजिबात पटत नाही, आणि तो इतक्या वेळा कानावर आलाय की आता नीट लिहून काढणं भाग आहे. एका फाउंटनला तोट्या किती हा एक प्रश्न आणि घरात पाणी प्यायच्या जागा किती हा दुसरा. लोक पहिल्याचं उत्तर मिळवतात आणि दुसरा सुटला असं समजतात. तोट्या तीन असोत की सहा, मांजराच्या लेखी ती जागा एकच असते.

फाउंटन चालतं कसं ते तुम्हाला ठाऊक असेलच. खाली टाकी, तीत बुडालेला छोटा पंप, मध्ये फिल्टर, वर ताटली किंवा तोटी, आणि तेच पाणी गोल गोल फिरतं. एकच मांजर असेल तर याहून जास्त डोकं लावायची गरज नाही.

आधी लिटरचा हिशोब उरकू. मांजराला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० मिली पाणी लागतं, तेही खाण्यातलं पाणी धरून. म्हणजे चार किलोच्या मांजराला २०० मिली. अशी तीन मांजरं नुसत्या कोरड्या खाद्यावर असली तरी दिवसाचे ६०० मिली. ओल्या खाद्यात तर ७५-८० टक्के पाणीच असतं, त्यामुळे ते खाणारी मांजरं भांड्याकडे फारशी फिरकतही नाहीत. दोन लिटरची टाकी तिघांना दोन-तीन दिवस आरामात पुरते. पाणी कमी पडणं ही बहुमांजरी घराची अडचण नाहीच.

अडचण आहे ती वाटेची. मांजर एकट्याने शिकार करतं, एकट्याने खातं, आणि मान खाली घालून पाणी पिताना ते सगळ्यात बेसावध असतं. त्या वेळी शेजारी दुसरं डोकं त्याला नको असतं. शिवाय मांजरांची दादागिरी बहुतेक वेळा आवाज न करता चालते. दांडगा बोका स्वयंपाकघराच्या दारात आडवा पसरतो. आपल्याला वाटतं, फरशीच्या गारव्याला पडलाय. घरातली भित्री भाटी तिथवर येते, थबकते, कान जरासे मागे घेते, उगाच दोनदा पंजा चाटते आणि आल्या पावली परत जाते. तिला तहान नव्हती असं नाही. तोटी मोकळीच होती, अडलं होतं ते दार. अशा घरात मालक छातीठोकपणे सांगतात, ‘आमच्याकडे भांडणं अजिबात नाहीत.’

अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन या मांजरांच्या पशुवैद्यकांच्या संस्थांनी २०१३ मध्ये मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतल्या पाच मुख्य मुद्द्यांपैकी एक हाच आहे: खाणं, पाणी, शी-शूचा ट्रे, विसाव्याची ठिकाणं या गोष्टी एकाहून जास्त असाव्यात आणि एकमेकींपासून वेगळ्या असाव्यात. लोक पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात.

म्हणून एक साधी परीक्षा घ्या. एकाच ठिकाणी बसलेल्या मांजराला दोन्ही फाउंटनवर नजर ठेवता येते का? येत असेल तर ती एकच जागा. एकाच बोर्डवर शेजारी शेजारी लावलेली दोन फाउंटन ही एकच जागा. खोली वेगळी असली, पण दोन्हींकडे जायला एकच दार असलं, तरीही एकच. वाटाच वेगळ्या हव्यात. जागा किती हव्यात ते डोकी मोजून ठरवू नका, गट मोजा. एकमेकांना चाटणारी, अंगाला अंग लावून झोपणारी भावंडं एक भांडं खुशाल वाटून घेतात. एकमेकांना टाळणारी मांजरं मात्र वेगळे गट धरा आणि प्रत्येक गटाला निदान एक जागा द्या. फाउंटन कोपऱ्यात भिंतीला चिकटवूनही ठेवू नका. खोलीकडे तोंड करून पिता येईल इतकी मोकळी जागा मागे सोडा.

मोठ्या टाकीचा आणखी एक तोटा आहे. पाणी दिसतंय ना, मग धुणं उद्यावर जातं. इथे फिल्टरची आणखी एक गल्लत भर घालते. फिल्टरमधला कोळसा क्लोरीन आणि वास कमी करतो, स्पंज केस अडवतो. टाकीच्या आतल्या बाजूला धरणारा बुळबुळीत थर फिल्टर काढत नाही, तो हाताने घासूनच निघतो. पंपाचं पुढचं झाकण उघडा आणि पाती असलेला चुंबकाचा छोटा तुकडा बाहेर ओढा. त्याच्या दांड्याला केसांचा वेढा आणि राखाडी शेवाळासारखा गाळ दिसेल. चार मांजरांच्या घरात तो फार लवकर साठतो, आणि पंप घरघरायला लागतो तो बहुधा त्यानेच. आठवड्यातून एकदा पंपासकट सगळं सुटं करून धुवा. पंपच उघडत नसेल तर ते फाउंटन घेऊच नका, मग ते कितीही देखणं असो.

बाकीचं थोडक्यात. स्टील किंवा सिरॅमिक घ्या. प्लास्टिकवर चरे पडतात आणि त्यांत घाण धरते. फुलाच्या आकाराची तोटी, रंगीत दिवे, मोबाइलवर येणारी सूचना यांवर पैसे घालवू नका. पाण्याची पातळी बाहेरून दिसणं मात्र खरंच कामाचं आहे, कारण पंप कोरडा चालला की जळतो. वीज गेल्यावर वरच्या ताटलीत पाणी टिकतं की सगळं खाली टाकीत उतरतं, हे विकत घेण्याआधी बघा. उतरत असेल तर वीज येईपर्यंत मांजराला त्यातून पाणी मिळणार नाही.

एकच फाउंटन परवडत असेल तर माझं मत स्वच्छ आहे. लहान, सहज सुटं होणारं एक फाउंटन घ्या आणि उरलेल्या जागी रुंद तोंडाची साधी सिरॅमिकची भांडी ठेवा, रोज पाणी बदलून. तीन तोट्यांच्या एका मोठ्या फाउंटनपेक्षा ही मांडणी मला केव्हाही चालेल. वाहतं पाणी सगळ्याच मांजरांना आवडतं असंही नाही. काही पंपाच्या आवाजाला बिचकतात आणि साध्या भांड्याशीच जातात. म्हणून फाउंटन लावलं त्याच दिवशी जुनं भांडं उचलू नका. ते जिथे होतं तिथेच राहू द्या, आणि कोण कुठे पितंय ते दोन आठवडे पाहा. घरातलं सगळ्यात बुजरं मांजर दिवसा, बाकीची जागी असताना, बिनधास्त पिताना दिसलं तर मांडणी जमली. ते फक्त मध्यरात्रीच पाण्याकडे जात असेल तर आणखी एक भांडं त्याच्या झोपायच्या जागेच्या बाजूला ठेवा.