विमानवाले शूटिंग गेम आणि त्यांच्यावरची भांडणं: मागचा सगळा हिशोब

जुन्या स्टाईलचा एखादा नवीन विमानवाला शूटिंग गेम आला की लोकांची मतं ठरल्यासारखी दोन टोकांची येतात. एक म्हणतो अर्ध्या तासात संपला, पैसे पाण्यात. दुसरा म्हणतो केव्हाचा खेळतोय, अजून तिसऱ्या स्टेजच्या पुढे जाता येत नाहीये, आणि गंमत म्हणजे दोघं एकाच गेमबद्दल बोलत असतात आणि दोघंही खोटं बोलत नसतात. आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींतही तेच, सुदामा नगरवाला भाचा एक बोलतो, राजेंद्र नगरवाले मामा दुसरं, आणि पोहे संपले तरी वाद संपत नाही. माझ्या मते हे भांडण गेमच्या चांगल्या-वाईटाचं नाहीच. कोणाला हा प्रकार पहिल्यांदा कुठे भेटला, नाण्याच्या मशीनवर, कॅसेटवर की मोबाईलवर, त्यावर अर्धं मत आधीच ठरलेलं असतं. म्हणून जरा मागे जाऊन बघू.

सुरुवात १९७८ पासून. टायटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी स्पेस इनव्हेडर्स बनवला, वर एलियनची फौज, खाली आपली तोफ, बस. आता जुन्या गेमचं कौतुक करताना सगळे म्हणतात ना की टेन्शन कसं हळूहळू चढत जायचं, तर ते चढायचं कारण चिप कमजोर होती. एवढे सगळे एलियन हलवायला प्रोसेसरला वेळ लागायचा, त्यातले मारत गेलात की त्याचं काम हलकं व्हायचं आणि उरलेले पळत सुटायचे, निशिकादोंनी ते बघितलं आणि मुद्दाम तसंच राहू दिलं. म्हणजे ज्याला आज आपण डिझाईन म्हणून सलाम ठोकतो ते निघालं मशीनच्या लंगडेपणातून. (जपानमधे १०० येनची नाणी संपली होती वगैरे जे फिरतं ती दंतकथा आहे, सोडा.)

मग १९७९ ला गॅलॅक्सियन, १९८१ ला गॅलगा, दोन्ही नॅमकोचे. त्याच काळात विल्यम्सचा डिफेंडर, कोनामीचा स्क्रॅम्बल. फौज आता जागेवर उभी न राहता अंगावर यायला लागली, स्क्रीन सरकायला लागली, १९८४ ला कॅपकॉमचा '१९४२' नावाचा गेम आला ज्यात ३२ स्टेज होते आणि जपानी कंपनीने बनवलेल्या गेममधे आपण अमेरिकन विमान चालवून जपान्यांना पाडायचं, हे कोणाला तेव्हा खटकलं की नाही देव जाणे. १९८५ ला ग्रेडियस, १९८७ ला आर-टाईप. ह्या दोन्हीत मेलात की मिळवलेली सगळी पॉवर गायब आणि परत मागच्या ठिकाणापासून सुरू, तेही उघड्याबोडक्या विमानाने. एकदा मेला तो मेलाच. आजच्या खेळणाऱ्याला हे अन्याय वाटतं आणि मला विचाराल तर बऱ्यापैकी आहेही, पण त्यामागे एक धंद्याची गोष्ट आहे.

हे गेम विकले जायचे ते खेळणाऱ्याला नाही, दुकानदाराला. आणि दुकानदाराचा प्रश्न एकच, एका मशीनवर दिवसाला किती नाणी पडली. नवीन पोरगा दोन-तीन मिनिटांत आऊट झाला पाहिजे पण त्याला असंही वाटलं पाहिजे की थोडक्यात चुकलं, आणखी एक टाकू. सगळा कठीणपणा ह्या एका वाक्यात बसतो. शिवाय मशीनच्या आतल्या बोर्डावर छोटे स्विच असायचे, त्यावरून दुकानदार लाईफ किती द्यायच्या आणि गेम किती कडक ठेवायचा ते ठरवायचा. म्हणजे एका गल्लीतला गेम सोपा आणि पुढच्या चौकातला तोच गेम जीव घेणारा, आणि दोन्हीकडची पोरं शाळेत एकमेकांना फेकू म्हणणार.

इंदुरात नव्वदच्या दशकात अशी दुकानं होती, राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत, कॉलन्यांतही, अंधारी खोली, दोन-चार मशीन, गल्ल्यावर बसलेला भिया आणि नाण्याच्या जागी टोकन. तिथे जाणारी पोरं वाया गेलेली असतात अशी घरोघरच्या आई-मावशांची पक्की खात्री. मशीनला गेमचं खरं नाव कोणीच विचारायचं नाही. कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स हा १९९३ चा गेम अख्ख्या हिंदुस्थानात मुस्तफा म्हणूनच ओळखला जातो, आणि गर्दी त्याच्यावरच. विमानवाल्या मशीनपाशी बहुतेक एखादाच मोठा दादा उभा असायचा, तो बोलायचा नाही, मान हलवायची नाही, फक्त मनगट चालायचं, आणि एका टोकनवर तो इतका वेळ टिकायचा की भिया चुळबुळायला लागायचा.

ती चुळबूळ म्हणजेच ह्या प्रकाराच्या उतरणीचं कारण आहे बरं का. १९९१ ला स्ट्रीट फायटर टू आला. त्यात दोघं समोरासमोर, दोघांची नाणी, फैसला काही मिनिटांत आणि हरणारा लगेच परत पैसे काढणार. विमानवाल्या गेममधे मात्र जो शिकला तो एका नाण्यात अर्धा तास मशीन अडवतो. दुकानदाराने काय करावं? फायटिंगची मशीन आणली, सरळ हिशोब. शूटिंगवाल्यांनी मग गेम आणखी कडक केले, म्हणजे शिकलेला गडीही लवकर पडावा, आणि त्याने नवीन पोरं अजूनच लांब गेली. जे उरले ते पक्के मुरलेले, आणि पुढचे गेम त्यांच्यासाठीच बनत गेले.

आपल्याकडच्या बहुतेकांचं मत मात्र मशीनवर बनलेलंच नाही, कॅसेटवर बनलंय. लिटल मास्टर, टर्मिनेटर असले डबे टीव्हीला जोडायचे, ते सगळे निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल, आणि कॅसेटवर लिहिलेलं ९९९९ इन १ ज्यात खरे गेम मोजकेच आणि बाकी तेच परत परत. त्यात १९४२ असायचा ती शिट्टीसारखी ट्यून वाजवत, गॅलॅक्सियन, स्टार फोर्स, स्काय डिस्ट्रॉयर. आता त्या फॅमिकॉमची मर्यादा अशी की स्क्रीनच्या एका आडव्या रेषेत आठच स्प्राईट (म्हणजे विमान, गोळ्या असली हलणारी छोटी चित्रं) दाखवता यायचे, त्यापुढचे गायब. म्हणून प्रोग्रामर आळीपाळीने दाखवायचे, त्यामुळे गोळ्या लुकलुकायच्या. आपण समजायचो कॅसेट खराब आहे, फुंकर मारायचो. आजचा एखादा रेट्रो गेम मुद्दाम तसं लुकलुकणं ठेवतो तेव्हा कॅसेटवाल्याला भरून येतं आणि बाकीचे विचारतात हा बग कधी काढणार.

फायरच्या बटणाचंही तसंच. जपानमधे हडसन ह्या गेम कंपनीच्या स्पर्धा व्हायच्या, पहिली १९८५ ला स्टार फोर्सवर, आणि ताकाहाशी मेइजिन नावाचा त्यांचा माणूस सेकंदाला १६ वेळा बटण दाबतो म्हणून हिरो झाला होता. आपल्याकडच्या रिमोटवर टर्बोची वेगळी बटणं आयती दिलेली, अंगठा ठेवला की धडधड सुरू. त्यामुळे बटण बडवणं हे कौशल्य आहे असं जपानी म्हातारा म्हणेल, इंदूरचा म्हणणार नाही, त्याला नवीन गेममधे ऑटोफायर नसला की राग येतो. दोघंही आपल्या लहानपणावर बोलत असतात.

आणि कॅसेटमुळेच ती मोठी सवय लागली, फुकट लाईफची. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोंना ग्रेडियस घरच्या मशीनवर आणताना टेस्ट करायला तो गेम फारच अवघड पडत होता, म्हणून त्यांनी सगळी पॉवर देणारा एक बटणांचा कोड आत टाकला, तो १९८६ च्या गेममधे तसाच राहून गेला. पुढे कोनामीच्याच काँट्रा गेममधे त्याच कोडने ३० लाईफ मिळायच्या. आपल्या पिढीने काँट्रा तीन लाईफवर खेळलाच नाही म्हटलं तरी चालेल. त्यात तेव्हाची मध्य प्रदेशातली सारखी जाणारी लाईट, सेव्ह नावाची गोष्ट नाही, जे काय करायचं ते लाईट जायच्या आत. अशा माणसाला जास्तीच्या लाईफ म्हणजे चीटिंग वाटत नाही, सोय वाटते, आणि मी त्याला दोष देणार नाही.

पण आता इथे मला बोलायचंय. मशीन गेली, जुन्या मशीनचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा इम्युलेटर आला (त्यातला मेम नावाचा १९९७ चा आहे), आणि नाणं टाकणं म्हणजे कीबोर्डवरचं एक बटण झालं. मेलो, बटण, मेलो, बटण. जो गेम मुळात एका नाण्यात शेवटपर्यंत न्यायचा म्हणून बनलाय तो अमर्याद कंटिन्यूने, म्हणजे मेलात तिथूनच परत परत सुरू करत, खेळणं म्हणजे पत्ते उघडे ठेवून तीन-दोन-पाच खेळणं झालं, अर्ध्या तासात संपणारच, आणि काही कळलेलंही नसणार. अर्ध्या तासात संपला अशी जी तक्रार येते ती नव्वद टक्के इथून येते असा माझा अंदाज. ट्रेझर कंपनीच्या इकारुगा गेमने (२००१ ला मशीनवर, मग घरी) ह्याला छान उत्तर काढलं होतं, क्रेडिट, म्हणजे नाण्याच्या जागी मिळणाऱ्या फेऱ्या, सुरुवातीला मोजकी, जितके तास खेळाल तितकी वाढत जाणार. म्हणजे आधी थोडं शिका, मग हवं तर ढकलत पुढे जा.

तिकडे मुरलेल्यांची दुनिया वेगळीच झाली होती. टोआप्लान कंपनी १९९४ ला बुडाली, तिथलीच माणसं केव्ह नावाच्या कंपनीत गेली आणि त्यांचे गेम आले, १९९५ ला डोनपाची आणि १९९७ ला डोडोनपाची. पडदाभर गोळ्या, पण संथ, आणि आपल्या विमानाचा जो भाग लागला तर मरतो तो जेमतेम काही पिक्सेलचा. बघणाऱ्याला अशक्य वाटतं, खेळणाऱ्याला ती फटींमधून वाट काढण्याची गोष्ट असते. गोळ्या जास्त झाल्या की मशीन मंदावायची आणि त्या मंदपणातच खेळाडू श्वास घ्यायचा, म्हणून घरच्या आवृत्तीत ते मंदावणं नीट आलं नाही की हे लोक चिडतात. बाहेरच्याला कळत नाही की गेम अडकत नाही म्हणून कोणी तक्रार का करतंय.

सगळ्यात वाकडा प्रकार रायझिंग कंपनीचा बॅटल गारेग्गा, १९९६. तुम्ही जितकं जास्त फायर कराल, जितकी पॉवर गोळा कराल तितका गेम आतल्या आत कडक होत जातो आणि हे स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. कमी करायचा उपाय? मरा. चांगले खेळाडू हिशोबाने मुद्दाम मरतात. म्हणजे शूटिंग गेममधे कमी शूट करा, वस्तू उचलू नका आणि वेळेवर मरा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी खेचतंय.

मोबाईलवाल्यांची गोष्ट आणखी तिसरी. २०१४ चा स्काय फोर्स बघा, त्यात एका गोळीत मरत नाही, लाईफचा पट्टा असतो, तारे गोळा करा, दुकानातून बंदूक वाढवा, तोच स्टेज परत खेळा. ज्याने हे आधी खेळलंय तो जुन्या पद्धतीच्या गेमला प्रोग्रेसच नाही म्हणतो, आणि मशीनवाला ह्याला मजुरी म्हणतो कारण त्याच्या मते वाढायला पाहिजे खेळणारा, बंदूक नाही. ह्यात मी मशीनवाल्याच्या बाजूला. फोन मात्र उभा असतो, जुन्या मशीनच्या उभ्या स्क्रीनसारखाच, तो आकार आपोआप जमून येतो, फक्त बोटाखाली गोळ्या झाकल्या जातात.

भांडणाला दुकानानेही हातभार लावला. स्टीम ह्या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाईन दुकानात २०१३ च्या शेवटापासून सरळ अंगठा वर किंवा खाली असा कौल, २०१५ च्या शेवटी रुपयात किमती, आणि त्याच वर्षी जूनपासून पैसे परत मिळायची सोय, १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. आता ज्या गेमची एक फेरी २५-३० मिनिटांची, त्याचं काय होणार ते सांगायला नको. कंटिन्यू मारत शेवट बघा, लहान आहे लिहा, पैसे परत घ्या. म्हणून नवीन बनवणारे वेगवेगळे मोड भरतात, अनलॉक भरतात, काही जण दर वेळी स्टेज बदलतील असं करतात, मग मुरलेले ओरडतात की पाठ करायला काही उरलंच नाही.

आणि त्या काळ्या पट्ट्या. उभ्या मशीनसाठी बनलेला गेम आजच्या आडव्या टीव्हीवर लावला की दोन्हीकडे रिकामी जागा, त्यावरून नेहमी कोणीतरी लिहितंच की एवढा मोठा टीव्ही कशाला घेतला मग. काही बहाद्दर टीव्हीच आडवा पाडून, म्हणजे उभा करून खेळतात, घरच्यांनी बघितलं तर काय म्हणतील तो भाग वेगळा.

जपानच्या एमटू कंपनीने २०१६ ला बॅटल गारेग्गाची नवीन आवृत्ती काढली, रेव्ह २०१६ नावाने, आणि त्या काळ्या पट्ट्यांतच आतला सगळा हिशोब मांडून ठेवला, गेम आत्ता किती कडक झालाय, कशाने वाढतोय, सगळं चालू खेळात दिसतं. वीस वर्षं जे फक्त मुरलेल्यांना अंदाजाने माहीत होतं ते कोणालाही बघता येतं. मामांचं म्हणणं, ते बंद करून खेळायचं, नाहीतर मजा काय. भाच्याने आकडे चालू ठेवून दुसरा स्टेज पार केला आणि आता तो मामांना सांगतोय की तुम्ही फायर फार करता.