आशय छाननी

आशय छाननी म्हणजे समाजमाध्यमांवरचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी गोळा केलेला मजकूर, फोटो, व्हिडिओ माणसाने एकेक करून पाहणे आणि त्यांतला हिंसेचा, लैंगिक अत्याचाराचा, द्वेषाचा भाग खूण करून वेगळा काढणे. हे काम करणाऱ्याला मॉडरेटर म्हणतात. गोव्यातल्या मराठी घरांत ‘मुलगा कंप्युटरवर बसतो’ एवढ्यावर चौकशी थांबते. करारात गोपनीयतेची अट असली की त्यालाही आईवडिलांना पुढचे सांगता येत नाही.

यंत्र उदाहरणांवरून शिकते. काय बोलू नये हे त्याला कळावे म्हणून न बोलण्याजोगे सगळे आधी कुणीतरी वाचलेले असते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने २०२१च्या अखेरीस असे काम सामा या कंपनीमार्फत केनियात दिले. बालकांवरील अत्याचार, खून, छळ यांची वर्णने वाचून खुणा करणाऱ्यांच्या हाती तासाला सुमारे १.३२ ते २ डॉलर पडत, असे ‘टाइम’ने जानेवारी २०२३मध्ये उघड केले. यंत्राच्या सभ्यपणाचे कौतुक होते तेव्हा या वाचणाऱ्यांची आठवण कुणी काढत नाही, आणि हा अन्याय आहे.

झोप उडणे, पाहिलेले दृश्य जेवताना समोर येणे, स्वतःच्या लेकरांबद्दल सतत धास्ती, जवळच्या माणसाचा स्पर्श नकोसा होणे हे या कामाचे नेहमीचे परिणाम. त्यांचे गंभीर रूप म्हणजे आघातोत्तर ताण विकार. फेसबुकने अमेरिकेतील मॉडरेटरांच्या दाव्यात २०२०मध्ये ५.२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. केनियातील १४०हून अधिक मॉडरेटरांना हा विकार असल्याचे वैद्यकीय अहवाल २०२४मध्ये पुढे आले.

गोव्यात या कामाला भाषेची एक वेगळीच गाठ आहे. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी वापरात जागा मिळाली. माणसे मात्र मोबाइलवर दोन्ही भाषा एकाच वाक्यात मिसळतात, कधी देवनागरीत, कधी रोमी लिपीत. एकच शब्द मित्रांत लाडाचा आणि देवस्थानाच्या किंवा भाषेच्या वादात जिव्हारी लागणारा ठरतो. यंत्र इथे अडखळते आणि इथलाच माणूस लागतो. व्हिडिओ पाहताना चित्र धूसर करता येते, रंग काढता येतात, आवाज बंद ठेवता येतो. लिहिलेल्या मजकुराला असा आडपडदा नाही. परक्या भाषेतली शिवी वाचावी लागते. आपल्या भाषेतली नजर पडताच कळून चुकलेली असते. त्यात गावाचे नाव ओळखीचे निघाले, तर शिफ्ट संपल्यावरही ती सोबत घरी येते.

डिचोली-सत्तरीच्या खाणभागात रस्त्यांवर खनिजाची लाल धूळ सगळ्यांना दिसत होती. मॉडरेटरच्या मनावर बसणारी धूळ तशी दिसत नाही, आणि कायद्यालाही ती दिसली नाही. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८च्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस, शिशाची विषबाधा असे रोग नोंदलेले होते. मनाचा एकही आजार नव्हता. मॉडरेटरचे कार्यालय तर त्यातल्या कारखान्याच्या व्याख्येतही बसत नव्हते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ने उपचाराचा हक्क दिला, पण कामामुळे आजार झाला याची जबाबदारी मालकावर टाकली नाही.

मदतीच्या बाबतीत गोवा कोरडा नाही. बांबोळीत मनोविकार व मानवी वर्तन संस्थेचे सरकारी रुग्णालय आहे. १९९६मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगात’ या संस्थेशी निगडित ‘मानस’ अभ्यासाने २०१०मध्ये दाखवले, की मनोविकारतज्ज्ञ नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना बरे होण्यास मदत करू शकतात. २०१७च्या कायद्याच्या कलम २३नुसार रुग्णाची माहिती उपचार करणाऱ्याने गुप्त ठेवायची असते. तरीही कराराच्या धाकाने एखाद्याचे बोलणे ‘झोप लागत नाही’च्या पुढे सरकत नसेल, तर उपचार करणाऱ्याने शिफ्टची वेळ, रोजचे टार्गेट आणि पाहावे लागणारे प्रकार एवढेच विचारावे. कंपनीचे नाव विचारायची गरज नसते.