घरी बांधलेला प्रीअँप आणि व्हॉल्यूम कंट्रोल : पार्श्वभूमी

प्रीअँप, म्हणजे पॉवर अँप्लिफायरच्या आधी सिग्नल निवडून त्याची पातळी ठरवणारा भाग, स्वतः बांधू पाहणारा हौशी माणूस निरनिराळे आराखडे समोर ठेवतो तेव्हा पहिला पेच व्हॉल्यूमच्या पॉटपाशी (पोटेन्शिओमीटर, म्हणजे बटण फिरवून बदलता येणारा रोध) पडतो. व्हॉल्व्हच्या (निर्वात नळीच्या) जुन्या आराखड्यात तो ५०० किलो-ओहमचा असतो, ट्रान्झिस्टरच्या काळातल्या आराखड्यात ५० किंवा १०० किलो-ओहमचा, तर ऑप-अँप (एका चिपमध्ये सामावलेला अँप्लिफायर) वापरणाऱ्या अलीकडच्या मंडलात १० किलो-ओहमचा. हे आकडे आराखडेकारांच्या लहरीने ठरलेले नाहीत. पॉटच्या मागे कोणता स्रोत आहे आणि पुढे काय जोडलेले आहे, यावर ते ठरत गेले. ही वाटचाल ठाऊक असेल तर पॉटची निवड सोपी होते, आणि एका काळातला आकडा दुसऱ्या काळातल्या मंडलात उचलून बसवण्याची चूक टळते.

१९२०च्या दशकातील बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओ संचांत आजच्या अर्थाने व्हॉल्यूम कंट्रोल नव्हता. व्हॉल्व्हच्या फिलॅमेंटमधला प्रवाह ऱ्हिओस्टॅटने (बदलत्या रोधाने) कमी करायचा, म्हणजे फिलॅमेंट कमी तापते आणि आवाज उतरतो, अशी ती पद्धत होती. तिने आवाजाबरोबर व्हॉल्व्हचे गुणधर्मही बदलत. पुढे वीजपुरवठ्यावर चालणारे संच आले आणि डायोड-शोधकानंतर (रेडिओलहरीतून आवाज वेगळा करणाऱ्या भागानंतर), ऑडिओच्या पहिल्या व्हॉल्व्हच्या ग्रिडआधी (सिग्नल घेणाऱ्या जाळीआधी) कार्बनचा पॉट बसवण्याची रीत रूढ झाली. ग्रिड जवळपास काहीच प्रवाह घेत नाही आणि आधीच्या पायरीला जड भार सोसवत नाही, त्यामुळे २५० किलो-ओहमपासून एक मेगा-ओहमपर्यंतचे पॉट तेथे अगदी योग्य होते.

याच सुमारास कानाचा हिशोबही मांडला गेला. टेलिफोन वाहिन्यांतील घट मोजण्यासाठी बेल यंत्रणेतील अभियंत्यांनी वापरात आणलेल्या एककाला १९२०च्या दशकाच्या अखेरीस डेसिबल हे नाव मिळाले. कान पातळीतला फरक वजाबाकीने नव्हे, तर गुणोत्तराने ओळखतो. म्हणून सरळ प्रमाणात बदलणारा लिनिअर पॉट व्हॉल्यूमसाठी लावला की बटणाच्या पहिल्या थोड्याशा फेऱ्यातच सारा आवाज चढतो आणि उरलेला फेरा निरुपयोगी ठरतो. त्यावरचा उपाय म्हणजे गुणोत्तराने बदलणारा लॉग पॉट. मात्र बाजारातल्या सामान्य लॉग पॉटमधला रोधाचा पट्टा खऱ्या लॉग वक्राचा नसतो. वेगवेगळ्या रोधाच्या कार्बन-लेपाचे दोन किंवा तीन तुकडे जोडून त्या वक्राच्या जवळ जाण्याचा तो प्रयत्न असतो. पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या जोडांत आहे.

युद्धोत्तर ब्रिटनमध्ये घरी अँप्लिफायर बांधण्याच्या छंदाला भक्कम पाया मिळाला. डी. टी. एन. विल्यमसन यांचा अँप्लिफायर १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आला आणि पीटर बॅक्सँडल यांचे टोन कंट्रोलचे मंडल १९५२ साली त्याच मासिकात छापले गेले. अमेरिकेत हीथकिट आणि डायनाको यांच्या सुट्या भागांच्या संचांनी तेच काम केले. त्या काळी प्रीअँपचे मुख्य काम सिग्नल वाढवण्याचे होते. तबकडी वाजवणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट काट्यातून जेमतेम पाच मिलिव्होल्ट मिळतात. १९५४ साली ठरलेल्या आरआयएए वक्रानुसार (तबकडीवर बदलून कोरलेल्या खालच्या-वरच्या स्वरांचा तोल परत आणणाऱ्या प्रमाणानुसार) ते सावरून शंभरपट वाढवले, तरी अर्धा व्होल्टच हाती येतो.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि व्हॉल्यूम कंट्रोलचा प्रश्न बदलला. आता एकाच दांड्यावर दोन पट्टे असलेला डबल गँग पॉट लागू लागला, आणि दोन्ही पट्टे सारखे चालणे ही अट आली. कार्बन पॉटच्या एकूण रोधात वीस टक्क्यांपर्यंत फरक सर्रास चालतो. त्यात लॉग वक्राचे जोड दोन पट्ट्यांवर थोडे मागेपुढे पडले, की बटण खालच्या पातळीवर असताना डाव्या-उजव्या बाजूंत काही डेसिबलचा फरक पडतो आणि गायकाचा आवाज मध्यातून एका कडेला सरकतो. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला हा दोष सर्वांत जास्त खुपतो. माझ्या मते पॉट निवडताना त्याच्या नाममुद्रेपेक्षा आणि ‘नादा’विषयीच्या चर्चेपेक्षा ही एकच कसोटी अधिक मोलाची आहे. जपानच्या आल्प्स कंपनीचे निळ्या आवरणाचे आरके२७ मालिकेतील पॉट हौशी मंडळींत जगभर रुळले, त्यामागेही दोन पट्ट्यांची बऱ्यापैकी जुळणी हे ठोस कारण आहे.

ट्रान्झिस्टर आणि त्यानंतर १९७०च्या दशकाच्या अखेरीस आलेले टीएल०७२ आणि एनई५५३२ हे ऑप-अँप यांच्यामुळे कमी रोधाचा भार सहज पेलणारे स्रोत मिळाले आणि पॉटचा आकडा खाली आला. त्याचा लाभ हिशोबात दिसतो. पॉटमधून बाहेर दिसणारा रोध सिग्नल निम्मा होतो त्या जागी सर्वाधिक, म्हणजे पॉटच्या एकूण रोधाच्या पाव इतका असतो. १०० किलो-ओहमच्या पॉटचा तो २५ किलो-ओहम होतो. पुढे २०० पिकोफॅरड धारकतेची केबल असेल, तर सुमारे ३२ किलोहर्ट्झला पातळी तीन डेसिबलने घटलेली असते आणि श्राव्य पट्ट्याच्या वरच्या टोकालाही थोडी घट पोचते. त्या २५ किलो-ओहमचा स्वतःचा उष्णताजन्य गोंगाट २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे २.९ मायक्रोव्होल्ट भरतो. १० किलो-ओहमचा पॉट घेतला की तीच मर्यादा ३०० किलोहर्ट्झच्या पुढे जाते आणि गोंगाट एका मायक्रोव्होल्टच्या आत येतो. व्हॉल्व्हच्या उच्च रोधाच्या पायरीनंतर मात्र हाच १० किलो-ओहमचा पॉट लावला, तर त्या पायरीचे प्रवर्धन कोसळते आणि विरूपण वाढते.

१९८२ साली सीडी आली. तिच्या प्लेअरचे पूर्ण पातळीचे उत्पादन दोन व्होल्ट असते आणि बहुतेक पॉवर अँप्लिफायरना पूर्ण शक्तीसाठी एवढे लागतही नाही. साहजिकच प्रवर्धन न करणारा, नुसता पॉट आणि निवडीचा स्विच असलेला पॅसिव्ह प्रीअँप लोकप्रिय झाला. केबल आखूड असेल तोवर तो उत्तम चालतो. लांब असेल तर पॉटनंतर बफर, म्हणजे पातळी न बदलता भार पेलणारी पायरी, हवाच.

पट्ट्यांची जुळणी हवी असणाऱ्यांनी प्रसारण केंद्रांतील जुनी युक्ती घरी आणली. तेथील मिक्सिंग टेबलांवर स्विच आणि सुट्या रेझिस्टरांचे अटेन्युएटर (सिग्नल घटवणारी मंडले) पूर्वीपासून वापरात होते. २४ स्थानांचा रोटरी स्विच आणि एक टक्का अचूकतेचे मेटल फिल्म रेझिस्टर घेतले, तर दोन बाजूंतला फरक डेसिबलच्या अंशावर येतो. हे रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळतात. खर्च होतो तो चांगल्या स्विचवर. तो स्विच आधीचा संपर्क सुटण्यापूर्वी पुढचा जुळवणारा असावा, नाहीतर प्रत्येक पायरीला टक् असा आवाज येतो. रिलेंच्या (विजेने चालणाऱ्या स्विचांच्या) पद्धतीत १, २, ४, ८, १६ आणि ३२ डेसिबलचे सहा टप्पे केले की ६३ डेसिबलपर्यंत एकेका डेसिबलने जाता येते. सीएस३३१० आणि पीजीए२३१० या चिपांनी हेच काम सिलिकॉनवर आणले: उणे ९५.५ ते अधिक ३१.५ डेसिबल, अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांनी.

तरीही हौशी बांधणाऱ्याला सुचवावासा वाटणारा मार्ग पुन्हा बॅक्सँडल यांचाच आहे. १९८० साली त्यांनी मांडलेल्या सक्रिय व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये लिनिअर पॉट इन्व्हर्टिंग (सिग्नल उलटा करणाऱ्या) पायरीच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे उत्पादन आत परत आणणाऱ्या वाटेत, बसतो आणि त्याच्या सरकत्या टोकानंतर बफर असतो. प्रवर्धन पट्ट्याच्या दोन भागांच्या गुणोत्तरावर ठरते, त्यामुळे एकूण रोधातला वीस टक्क्यांचा फरक त्यातून निघून जातो आणि कमाल प्रवर्धन ठराविक रेझिस्टरांवर अवलंबून राहते. लिनिअर पट्टा एकाच लेपाचा असल्याने जोडांचा प्रश्न उरत नाही. शिवाय आवाज कमी केला की पायरीचे प्रवर्धन उतरते आणि तिचा गोंगाटही खाली येतो. दोन्ही वाहिन्यांसाठी मिळून १० किलो-ओहमचा एक साधा डबल गँग लिनिअर पॉट आणि दोन एनई५५३२ एवढ्यात ते उभे राहते. सरकत्या टोकातून बफरचा बायस प्रवाह (त्याला चालण्यासाठी लागणारा अल्प स्थिर प्रवाह) वाहून खरखर होऊ नये म्हणून तेथे स्थिर प्रवाह अडवणारा कपलिंग कपॅसिटर घालून बायससाठी बफरच्या बाजूला वेगळा रेझिस्टर द्यावा.