मसुरीएवढे भाडेकरू

रत्नागिरीची मावशी कोल्हापूरला आली की पिशवीत तिसऱ्या असतातच. आंबा घाट चढून आलेल्या त्या शिंपल्या मिठाच्या पाण्यात ठेवल्या की हळूहळू रेती टाकतात. मागच्या खेपेला पातेल्याच्या तळाशी रेतीसोबत मसुरीच्या दाण्याएवढा एक शिंपला सापडला. शेजारच्या काकूंनी वाकून बघितलं आणि निकाल दिला, "पिल्लू हाय ते. टाका की."

पिल्लूच असणार. पण बारका शिंपला म्हणजे पिल्लू, हा हिशेब समुद्रात सगळीकडे चालत नाही. गॅलिओमॅटॉइडिया नावाच्या अधिकुलात, म्हणजे शिंपल्यांच्या अनेक कुळांच्या मोठ्या गटात, मसुरीएवढा शिंपला पूर्ण वाढलेला असू शकतो, आणि कवचात पिल्लं सांभाळत बसलेलाही. त्यातली लासिया ही प्रजाती दोन-तीन मिलिमीटरची. ती खडकांच्या फटीत नाहीतर खडकाला कायमच्या चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल नावाच्या प्राण्याच्या रिकाम्या कवचात राहते. तिसऱ्या अंडी पाण्यात सोडून मोकळ्या होतात. लासिया मात्र कल्ल्यांच्या पोकळीत अंडी उबवते, आणि बहुतेक लासियांमध्ये बाहेर पडतो तो थेट रांगणारा इवलासा शिंपला. त्यांच्या बऱ्याच वंशांत शुक्राणू फक्त अंड्याला जागं करतो, त्याचे जनुक पिल्लात उतरतच नाहीत. बापाचं काम दाराची कडी वाजवण्यापुरतं!

या अधिकुलातल्या बऱ्याच जणांचा खरा गुण मात्र वेगळा आहे. ते दुसऱ्याच्या घरात राहतात. पंचगंगेसारख्या आपल्या नद्यांतले शिंपलेही लहानपणी परावलंबी असतात. त्यांच्या अळ्या माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात आणि मग गळून तळाशी आपला संसार थाटतात. इथे उलटं आहे. इथे थोरलीच माणसं भाड्याने राहतात, आणि भाडं सहसा देत नाहीत.

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मॅन्टिस श्रिम्प या खेकडा-कोळंबीच्या नात्यातल्या प्राण्याच्या बिळात राहणारा एक शिंपला 1989 मध्ये नोंदवला गेला. डिव्हॅरिसिंटिला योयो हे त्याचं नाव. बिळाच्या भिंतीला तो धाग्याने लटकतो आणि वरखाली होतो, म्हणून हे खेळण्याचं नाव. जपानमधला पेरेग्रिनामोर चिखलात बीळ करणाऱ्या कोळंबीसारख्या प्राण्याच्या छातीखाली, पायांच्या मधोमध स्वतःला बांधून घेतो. माँटाक्युटा सबस्ट्रायाटा अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या काट्यांना चिकटून फिरतो. एंटोव्हाल्वाने तर कहर केलाय, तो समुद्रकाकडी नावाच्या प्राण्याच्या अन्ननलिकेत राहतो. घरमालकाच्या घरात नव्हे, घशात!

यात फायदा काय? चिखल थोडा खोल खणला की काळा लागतो, तिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो. बीळ करणारा प्राणी स्वतःसाठी सतत ताजं पाणी आत खेचतो, आणि त्याच पाण्यावर भाडेकरूचा श्वास आणि जेवण दोन्ही भागतं. शिवाय खणकर मालक दारात असला की शत्रूही सहसा आत येत नाही.

आता वर्गीकरणाचं बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. शिंपल्यांची कुळं लावताना जुने अभ्यासक कवच बघत, विशेषतः दोन झाकणं जिथे जुळतात तिथले दात. पण भाड्याच्या घरात हे दात झिजत गेले, कवच पातळ झालं, काहींमध्ये तर ते मांसाखाली दडलं. उरलेला आकार घरमालकाच्या सोयीने बदलला. त्यामुळे एकेका शिंपल्याचं आडनाव किती वेळा बदलावं? इंग्लंडच्या जॉर्ज माँटेग्यूने 1803 मध्ये एका बारक्या शिंपल्याला माया बायडेंटाटा म्हटलं. पुढे तो माँटाक्युटा झाला, मग मायसेला, आणि आज तो कुर्टिएला आहे. साहेबाच्या सेवापुस्तकातसुद्धा इतक्या बदल्या नसतात.

आपल्या जिल्ह्यात गावागावांत पाटील आहेत, पण म्हणून सगळे एका भावकीतले नव्हेत. पाटीलकी हे काम होतं आणि कामावरून आडनाव पडलं. या शिंपल्यांची कुळंही बरीचशी तशीच निघाली. जपानी संशोधकांनी 2012 मध्ये डीएनए तपासून वंशवृक्ष मांडला, तेव्हा पारंपरिक कुळांच्या रेषा मोडल्या. कधी अर्चिनकडे, कधी खेकड्या-कोळंब्यांकडे, कधी समुद्री कृमींकडे, अशी अगदी दूरच्या प्राण्यांत घरं बदलणं या अधिकुलात पुन्हा पुन्हा घडलं होतं. सारखेपणा रक्ताचा नव्हता, पत्त्याचा होता. कुळांची फेरमांडणी अजून चालूच आहे, आणि मला तरी ती लवकर संपेल असं वाटत नाही.

अंगाने बारके आणि घर दुसऱ्याचं, म्हटल्यावर हे नजरेतून निसटतात यात नवल नाही. सायमॅटिओआ कूकी हा शिंपला 1937 मध्ये जॉर्ज विलेटने लॉस एंजेलिसजवळच्या जीवाश्मांवरून नोंदवला. एडना कूक नावाच्या संग्राहक बाईंना ती कवचं सापडली होती, म्हणून नाव त्यांचं. तो नामशेषच समजला गेला. 2018 च्या नोव्हेंबरात सागरी संशोधक जेफ गोडार्ड कॅलिफोर्नियाच्या नेपल्स पॉइंटला समुद्री गोगलगायी शोधत दगड उलटत होते. तिथे सेंटिमीटरभराचे दोन पारदर्शक शिंपले दिसले. त्यांनी पांढऱ्या पट्ट्यांचा, कवचाहून लांब पाय बाहेर काढून हलवला. गोडार्ड यांनी फोटो काढले आणि शिंपले तिथेच ठेवले. नमुना हवा म्हणून पुन्हा गेले, तर एकही सापडेना. कित्येक फेऱ्यांनंतर 2019 मध्ये एक हाती लागला. संग्रहालयातून विलेटचा मूळ नमुना मागवून शेजारी ठेवला, आणि दोन्ही जुळले.